पाळणा, झबली, खेळणी: बाळाच्या वस्तूंमधल्या केमिकलची काळजी वाटत असेल तर सुरुवात कुठून करायची

आमच्याकडे एक सागवानी पाळणा आहे, सासऱ्यांच्या लहानपणचा. लेक झाली तेव्हा बारशाच्या आधी माळ्यावरून उतरवला, ओल्या फडक्यानं पुसला, झेंडूच्या माळा बांधल्या, सगळ्यांनी फोटो काढले. दहाव्या महिन्यात ती कठडा धरून उभी राहायला लागली आणि एक दिवस दुपारी मी बघते तर कठड्यावरच्या हिरव्या ऑइल पेंटवर ओळीनं बारीक बारीक दातांचे ठसे, आणि प्रत्येक ठशात खालचा जुना पिवळा रंग दिसतोय. म्हणजे वरचा हिरवा तिच्या पोटात गेला होता.

त्यानंतर दोनच महिन्यांनी पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक. गडद निळा, नेटचा, राजवाड्याजवळच्या बाजारातून घेतलेला, तोही न धुता घातला कारण धुतला तर नेट बसेल असं दुकानदारानं सांगितलेलं. रात्री फ्रॉक काढला तर गळ्याभोवती, काखेत आणि कमरेला लाल पट्टे, अगदी जिथे जिथे शिवण होती तिथे तिथे.

ह्या दोन गोष्टींनंतर मी जवळजवळ वर्षभर वाचत होते, विचारत होते, घरातली प्रत्येक वस्तू उलटी करून बघत होते. सुरुवातीला नुसता गोंधळ, कारण जे वाचावं त्यात काहीतरी भयंकर सापडतं आणि शेवटी माणूस घाबरून काहीच करत नाही किंवा महागडं 'ऑरगॅनिक' काहीतरी मागवून मोकळा होतो. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितेय. आम्ही इंदूरला राहतो म्हणून बाजार आणि पाणी इथलं येईल, बाकी सगळं कुठेही लागू आहे.

आधी हाताशी काय हवं

- एक पांढरा सुती रुमाल, जुना असला तरी चालेल
- मोबाईलमधे बीआयएस केअर ॲप (बीआयएस म्हणजे मालाची मानकं ठरवणारी सरकारी संस्था), फुकट आहे
- एक वही: कुठली नवीन वस्तू कुठल्या तारखेला घरात आली ते लिहायला
- बिलांसाठी एक पाकीट, आणि वस्तूवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवायची सवय
- बाळाची लसीकरणाची फाईल, डॉक्टरकडे जाताना ही वही तिच्यातच ठेवा

१. क्रम ठरवा, नाहीतर वेड लागेल

मी लावलेला क्रम असा: आधी जे तोंडात जातं ते, मग जे अंगाला तासन्‌तास चिकटून असतं ते, मग जे कपाटात नाहीतर हवेत असतं ते. घरातल्या सगळ्या वस्तू एकदम बदलता येत नाहीत आणि गरजही नाही. माझ्या मते तोंडात जाणाऱ्या वस्तूंमधे एकच नाव सगळ्यात वर आहे, ते म्हणजे शिसं. कपड्यांची काळजी सगळे करतात कारण पुरळ डोळ्याला दिसतं, शिशाचं काहीच दिसत नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगात जेवढं मुरतं त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात मुरतं आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. सुरक्षित अशी पातळीच नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफनं २०२० साली अंदाज दिला होता की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. म्हणून आधी शिसं, मग फ्रॉक.

२. जुना रंग शोधा

आपल्याकडे घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ मधे आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीचा ऑइल पेंट म्हणजे शिसं असू शकतं असंच धरून चाला, विशेषतः पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा, कारण हे रंग उठावदार करायला शिशाचीच रंगद्रव्यं वापरत.

घरात कुठे बघायचं: पाळणा, पांगुळगाडा, जुनं लाकडी बाळकपाट, खिडक्यांचे गज, दरवाज्याची चौकट, गच्चीवरचा लोखंडी कठडा. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा जुन्या वस्तीतल्या घरांत एकावर एक चार-पाच हात मारलेले असतात, वरचा हात नवीन असला तरी पोपडा निघतो तो सगळ्या थरांसकट निघतो.

आता सगळ्यात मोठी चूक, जी आमच्या घरात होता होता राहिली. दातांचे ठसे दिसल्यावर सासरे लगेच म्हणाले, "पॉलिश पेपर आण, संध्याकाळपर्यंत सगळा रंग खरवडून काढतो." त्यांचं प्रेमच होतं त्यात, पण जुना रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर होते, आणि रांगतं मूल तीच धूळ हाताला लावून तोंडात घालतं. हीट गननं किंवा जाळून काढणं त्याहून वाईट. मग करायचं काय तर:

- ती वस्तू त्याच दिवशी मुलाच्या हाताबाहेर न्या. आम्ही पाळणा जुन्या चादरीत गुंडाळून गच्चीवरच्या खोलीत ठेवला.
- खाली पडलेले पोपडे झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपा आणि फडकं फेकून द्या. फरशी दोनदा ओली पुसा.
- चौकट, गज अशा हलवता न येणाऱ्या गोष्टींवर रंग घट्ट असेल तर त्यावर नवीन, डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत असल्याचं छापलेला रंग मारून बंद करा. पोपडे निघत असतील तर रंगाऱ्याला ओलं करूनच घासायला सांगा आणि ते काम होईपर्यंत मुलाला आजोळी पाठवा.
- जेवणाआधी हात धुणं, रांगायच्या जागेची रोज ओली पुसणी, खेळणी धुणं. ह्याला पैसे लागत नाहीत आणि ह्याचा उपयोग खूप होतो.

शिसं घरी तपासायच्या काड्या मिळतात, रंग बदलला तर शिसं. मी त्यावर विसंबणार नाही, त्या खोटं नाही पण सांगतात आणि खोटं हो पण. जुना रंग आहे एवढं कळलं तरी पुरे, तो मुलाच्या तोंडापासून लांब करायचा.

३. खेळणी: खूण बघा, नंबर तपासा

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे, परदेशातून आलेल्या खेळण्यांवर सुद्धा. त्या मानकात टोकदार कडा आणि सुट्या तुकड्यांबरोबर शिसं, कॅडमियम असे जड धातू आणि मऊ प्लास्टिकमधली थॅलेट्स (प्लास्टिक मऊ करायला घालतात ती रसायनं) हे सगळं येतं.

नुसती खूण छापलेली बघून घेऊ नका. खुणेच्या वर आयएस नंबर असतो, साध्या खेळण्याला ९८७३ आणि बॅटरी-विजेवर चालणाऱ्याला १५६४४, आणि खाली सीएम/एल लिहून पुढे लायसन्सचे आकडे असतात. ते आकडे बीआयएस केअर ॲपमधे टाकले की कंपनीचं नाव, पत्ता, लायसन्स चालू आहे का, कुठल्या वस्तूसाठी आहे, सगळं येतं. दुकानात उभ्या उभ्या एका मिनिटाचं काम आहे. मी एकदा असं तपासलं तर नंबर खरा निघाला पण तो भलत्याच कुठल्या मालाचा होता, खेळण्याचा नव्हताच.

सापळा असा की जत्रेत, सिग्नलवर आणि किलोवर मिळणाऱ्या खेळण्यांवर काहीच नसतं. मऊ, लिबलिबीत, डबा उघडल्या उघडल्या उग्र वास मारणारी बाहुली किंवा बदक असेल तर ते बहुतेक पीव्हीसी, म्हणजे थॅलेट्स घालून मऊ केलेलं प्लास्टिक, ते दात येणाऱ्या मुलाच्या हातात नकोच.

आणि एक इथली गोष्ट. इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना जीआय (ठराविक ठिकाणच्या खास मालाला मिळणारी सरकारी नोंद) आहे, त्यामुळे त्यांच्यावर आयएसआय सक्तीचं नाही, म्हणून ती बेकायदा समजू नका. ते घोडे, हरणं, हत्ती फार सुंदर असतात, आमच्याकडे शोकेसमधे आहेत, पण चघळायच्या वयाच्या मुलासाठी ती नाहीत. बुधनीची लाकडी खेळणी घेताना बिनधास्त विचारा की रंग लाखेचा आहे की ऑइल पेंट, आणि लाखेत रंग कुठला घातलाय ते पण विचारा, बनवणारा स्वतः विकत असेल तर नीट सांगतो.

४. कपडे घेताना दुकानात

इथे थोडं समजून घ्यावं लागतं, कारण 'केमिकल' म्हणून सगळं एकाच टोपलीत टाकलं की काय टाळायचं तेच कळत नाही.

ॲझो रंग: हा कृत्रिम रंगांचा एक मोठा गट, पण सगळे ॲझो रंग वाईट नसतात. त्यातले काही फुटून ॲरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं तयार होतात, त्यातली काही कॅन्सरशी जोडलेली आहेत. भारतात असे ७० ॲझो रंग १९९७ मधे बंद केले, युरोपात अशा २२ अमाइनवर किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ब्रँडेड आणि निर्यातीच्या मालात तपासणी होते, गल्लीतल्या बिननावाच्या मालाचं कोण सांगणार.

डिस्पर्स रंग: पॉलिस्टर आणि नायलॉनला हे रंग लावतात, आणि गडद निळ्या-काळ्या कपड्यांतल्या काही डिस्पर्स रंगांची ॲलर्जी त्वचेच्या डॉक्टरांना चांगली माहीत आहे. घाम आला आणि कपडा घट्ट असला की रंग कातडीवर उतरतो. आमचा फ्रॉक हाच प्रकार होता असं डॉक्टरांचं मत पडलं.

फॉर्माल्डिहाइड: 'सुरकुत्या पडत नाहीत' अशा कपड्यांच्या फिनिशमधे आणि पिगमेंट प्रिंट पक्की करायला वापरतात. नाकाला झोंबणारा, नव्या कपाटासारखा वास येतो. जपानमधे दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांना ह्याची मर्यादा १६ पीपीएम आहे आणि मोठ्यांच्या आतल्या कपड्यांना ७५, म्हणजे बाळांसाठी किती कडक ते बघा. ह्यातली चांगली बाजू अशी की हे पाण्यात विरघळतं, धुतलं की पुष्कळ कमी होतं.

रबर प्रिंट: टी-शर्टच्या छातीवरचं ते जाड, ताणलं की ताणलं जाणारं कार्टून. बऱ्याचदा ते पीव्हीसीचं असतं, मऊ करायला त्यात थॅलेट्स घालतात, आणि मुलं गळा-छातीचा कपडा हमखास चोखतात. धुवून हे जात नाही. मी तीन वर्षांखालच्या मुलाला रबर प्रिंट घेतच नाही.

आता दुकानात करायचं काय:

पहिलं, ओला रुमाल. पांढऱ्या रुमालाचं टोक पाण्यात भिजवा, कपड्याच्या आतल्या शिवणीवर दहा वेळा जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा ठेवून द्या. दुकानदार म्हणेल, "पक्का रंग है दीदी, एक धुलाई में सेट हो जाएगा." नका ऐकू, आज रुमालावर उतरला तो उद्या थुंकीनं आणि घामानं अंगावर उतरणार. ह्या तपासणीनं ॲझो आहे का शिसं आहे ते कळत नाही, रंग सुटतो की नाही एवढंच कळतं, पण एका मिनिटात निम्मा माल बाद होतो.

दुसरं, वास. उग्र वास असेल तर नको. पण वास नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही.

तिसरं, फिक्के रंग, सुती, आतून अस्तर असलेला कपडा. नेटचा, जरीचा, चमकीचा फ्रॉक घ्यायचाच असेल, आणि समारंभ आपल्याकडे संपत नाहीत, तर आतून पूर्ण बाह्यांचं धुतलेलं सुती झबलं घाला. आम्ही आता तेच करतो.

चौथं, प्रेस बटणं आणि हुक. पोटाशी निकेलचं बटण घासून गोल लाल चट्टा पडतो, त्याच्या मागे सुती पट्टी शिवून घ्या. करगोटा आणि मनगट्यांच्या काळ्या दोऱ्याला पण रुमालाची तपासणी लावा, तो चोवीस तास अंगावर असतो आणि मूल तो चोखतं. वाळे, बिंदल्या घालायच्या तर हॉलमार्क चांदीच्या, बाजारातल्या स्वस्त चमकत्या धातूच्या नकोत, त्यात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं.

लेबलांचं: ओको-टेक्स स्टँडर्ड १०० (कापडातली घातक रसायनं तपासून दिलेलं प्रमाणपत्र) मधे 'क्लास १' हा तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा, त्यात रंग थुंकीला सुद्धा टिकला पाहिजे अशी अट आहे. लेबलवर नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. जीओटीएस (सेंद्रिय कापडाचं प्रमाणपत्र) असेल तर कापूसही सेंद्रिय आणि रंगाई-प्रक्रियेवर सुद्धा बंधनं, नुसतं 'ऑरगॅनिक' लिहायला किमान ९५ टक्के आणि 'मेड विथ ऑरगॅनिक' लिहायला ७० टक्के सेंद्रिय धागा लागतो. ह्याउलट '१०० टक्के कॉटन', 'स्किन फ्रेंडली', 'केमिकल फ्री', 'बेबी सेफ' ही नुसती छापलेली वाक्यं आहेत, त्यामागे कोणी तपासणी केलेली असेलच असं नाही. कापूस सेंद्रिय असू शकतो आणि त्यावरचा रंग नाही.

महाग कपडे घ्या असं मी म्हणत नाहीये. आपल्याकडे बाळाला पहिले कपडे जुन्या धोतराचे नाहीतर आजीच्या मऊ लुगड्याचे शिवायची पद्धत होती, आणि ती फार शहाणपणाची होती, कारण शंभर वेळा धुतलेल्या कापडात सुटायचं ते सगळं सुटून गेलेलं असतं. थोरल्या भावंडांची, जावेच्या मुलांची धुतलेली झबली-टोपडी आनंदानं घ्या. जे पैसे वाचतील त्यात अंगाला चिकटून असणारे दोन-चार कपडे चांगले घ्या.

५. पहिली धुलाई

कोऱ्या कपड्याची खळ काढल्याशिवाय तो बाळाला घालायचा नाही, मग तो मामानं दिलेला असो की दिवाळीचा.

१. रात्रभर साध्या पाण्यात एकटा भिजवा, सकाळी पाण्याचा रंग बघा.
२. थोड्या, बिनवासाच्या डिटर्जंटनं धुवा. रंग सुटत असेल तर दुसऱ्यांदा धुवा. तिसऱ्यांदाही पाणी रंगलं तर तो कपडा अंगाला लागेल असा वापरू नका.
३. दोन-तीन पाण्यातून काढा. ही पायरी आपल्याकडे महत्त्वाची आहे, कारण इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि मधल्या दिवशी बोअरिंगच्या जड पाण्यात कपडे धुतले जातात, त्यात साबण नीट सुटत नाही आणि मग पुरळ येतं ते रंगाचं नसून राहिलेल्या डिटर्जंटचं असतं. बाळाचे कपडे नर्मदेच्या दिवशी धुवा.
४. उन्हात वाळवा.

फॅब्रिक सॉफ्टनर, नीळ, अँटिसेप्टिक लिक्विड ह्यातलं काही लागत नाही. मीठ-व्हिनेगरनं रंग पक्का होतो असं सगळ्या मावश्या सांगतात, आजकालच्या रंगांवर त्याचा काही उपयोग होत नाही.

६. कपाट उघडा आणि डांबरगोळ्या काढा

हे कोणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहितेय. आपल्या घरांत पहिल्या मुलाचे लोकरी कपडे, दुपटी, गोधड्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवतात आणि दुसरं बाळ आलं की थेट काढून अंगावर. नॅप्थलिन ज्याच्यात असतं त्या गोळ्यांनी जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, कावीळ एकदम वाढते, लघवी गडद होते, बाळ मलूल पडतं. ही कमतरता आनुवंशिक असते, मुलग्यांमधे जास्त दिसते, आणि तपासणी केल्याशिवाय आपल्याला माहीतच नसते. त्यातून तेल लावलेल्या कातडीतून नॅप्थलिन जास्त आत जाऊ शकतं, आणि आपण तर मालिश करून लगेच दुपट्यात गुंडाळतो.

म्हणून बाळाच्या कपड्यांत गोळ्या अजिबात नकोत. आधीच ठेवलेल्या असतील तर कपडे चार-पाच दिवस गच्चीवर वारा-ऊन द्या, धुवा, परत ऊन द्या, वास पूर्ण जाईपर्यंत. गोळ्यांच्या ऐवजी कापूर पण नाही, तो मुलानं गिळला तर झटके येतात. खडखडीत वाळवून झाकणाच्या डब्यात, कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती पुरचुंडीत घालून ठेवा. बाथरूमच्या बेसिनमधल्या पांढऱ्या गोळ्या पण काढा, मुलाला ती पेपरमिंट वाटते.

७. स्वयंपाकघर

दुधाची बाटली वापरावीच लागत असेल तर काचेची किंवा आयएस १४६२५ ची खूण असलेली, ह्या मानकात प्लास्टिकच्या बाटलीत बीपीए (काही कडक प्लास्टिकमधलं रसायन) चालत नाही. वाटी-चमचा स्टीलचा सगळ्यात बरा. गरम वरण-भात प्लास्टिकच्या किंवा मेलामाइनच्या ताटलीत वाढू नका आणि त्यात मायक्रोवेव्ह करू नका.

पोहे गाडीवरून आणताना डबा घेऊन जा. वर्तमानपत्राच्या कागदावर गरम, तेलकट पोहे म्हणजे शाई पोटात, अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, एफएसएसएआयनं, वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केलेली आहे.

भांडी: २०२५ मधे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं बाहेरून आलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) भांड्यांतून शिसं अन्नात उतरतं असा इशारा दिला. भंगार वितळवून केलेल्या भांड्यांत हा धोका जास्त. बाळाची पेज, डाळीचं पाणी, टोमॅटो-चिंच घातलेलं काहीही जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) पातेल्यात नको, स्टीलमधे करा. पितळेला कल्हई लावून घेताना कथील चांगलं आहे ना ते विचारा, हलक्या कथलात शिसं मिसळलेलं असतं.

हळद: सियागंजातून हळकुंडं आणून दळून घेणं चांगलंच, पण चकचकीत, अगदी लिंबासारखी पिवळी हळकुंडं टाळा. लेड क्रोमेट चोळून हळकुंडाला चकाकी आणायचे प्रकार झालेले आहेत, म्हणजे भेसळ पावडरीतच असते असं नाही. मातकट, खडबडीत हळकुंड बरं.

सुरमा डोळ्यात घालू नका, तो बऱ्याचदा शिशाच्या खनिजाचा असतो. काजळाची तीट लावायचीच तर कानामागे लावा, डोळ्यात नको.

८. बाटल्या वर ठेवा

फिनाइल, ॲसिड, थिनर, रॉकेल कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवू नका. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू होतो. मुलानं काही प्यायलं तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका, बाटली हातात घेऊन दवाखान्यात जा. दिल्लीच्या एम्समधल्या विषमाहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७, रुग्णवाहिका १०८. दोन्ही फ्रीजवर चिकटवा. मच्छरांसाठी बाळाजवळ अगरबत्ती-कॉइल न लावता मच्छरदाणी.

९. डॉक्टरकडे जाताना

पुरळ असेल तर न पुसता, न मलम लावता फोटो काढा. डायपरखाली पुरळ असेल आणि बाकी अंग साफ असेल तर ते वेगळं, गळा-काख-कंबर-कोपराची घडी इथे असेल तर कपड्याचा संशय. वही बरोबर न्या. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, गेल्या आठवड्यात नवीन काय आलं घरात, आणि मला फ्रॉक सोडून साबण बदलल्याचं पण आठवलं नाही, ते नवऱ्यानं सांगितलं. फ्रॉक न धुता पिशवीत बांधून न्या.

शिशासाठी बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: "रक्तातल्या लेडची टेस्ट करायची का?" मूल रंग खात असेल, माती खात असेल, घरात रंगकाम झालं असेल, वडील बॅटरी किंवा भंगाराच्या कामात असतील तर नक्की विचारा. बोटाला टोचून काढलेल्या रक्तात कातडीवरचं शिसं मिसळू शकतं, म्हणून शिरेतून घेतलेलं रक्त बरं. लेकीचा रिपोर्ट डेसिलिटरला ७.२ मायक्रोग्रॅम आला. त्या संध्याकाळी मी खूप रडले. डॉक्टरांनी समजावलं की ५ किंवा त्याच्या वर आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं असतं, शिसं बाहेर काढायचं औषध ४५ च्या पुढे विचारात घेतात. पाळणा गेला होताच, हिमोग्लोबिन कमी निघालं त्याचं लोहाचं औषध सुरू झालं, कारण लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त मुरतं. चार महिन्यांनी ४.१ आलं. कोणी 'डिटॉक्स'चं चूर्ण-काढा सुचवलं तर देऊ नका, काही भस्मांमधेच शिसं सापडलेलं आहे.

१०. तक्रार करायची असेल तर

माझ्याकडे फ्रॉकचं बिलच नव्हतं. दुकानदारानं "ये हमारा माल ही नहीं" म्हटलं आणि विषय संपला. म्हणून बिल घ्याच, हाताने लिहिलेलं असलं तरी शिक्का मारून.

लागणारे कागद: बिल किंवा ऑनलाइन पेमेंटचा पुरावा, लेबलचा आणि वस्तूचा फोटो, पुरळाचे तारखेसकट फोटो, डॉक्टरची चिठ्ठी, आणि मूळ वस्तू, ती फेकू नका.

आधी दुकानाला लेखी कळवा, व्हॉट्सॲप चालेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आयएसआय खोटी किंवा नसलेली खेळणी असतील तर बीआयएस केअर ॲपमधेच तक्रारीची सोय आहे. तेवढ्यानं झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, माल दुसऱ्या शहरातून ऑनलाइन आलेला असला तरी, घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची, आणि ५ लाखापर्यंतच्या मालाला फी नाही. कपड्याची लॅब टेस्ट करायची वेळ आली तर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅबच घ्या, आणि आधी विचारा की नक्की कशासाठी तपासणार, 'सगळी केमिकल्स' अशी टेस्ट नसते.

११. नको असलेल्या वस्तूंचं काय करायचं

इंदूरच्या कचरागाडीला सहा वेगळे कप्पे आहेत, त्यातला एक घरगुती घातक कचऱ्याचा. जुने रंगाचे डबे, खरवडलेले पोपडे, डांबरगोळ्या, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, सेल, हे सगळं त्यात, झाकण घट्ट लावून, आणि गाडीवरच्या भावाला तोंडी सांगून की ह्यात काय आहे, कारण ते हातानं उचलतात.

आणि वास मारणारी बाहुली, रंग सुटणारा फ्रॉक, पोपडे निघालेला पांगुळगाडा कामवाल्या ताईंच्या लेकराला देऊ नका. आमच्या ताईंनी तो निळा फ्रॉक मागितला होता, नवा कोरा दिसत होता. मी त्यांना रुमाल घासून दाखवला, रुमालावर निळा पट्टा उमटला, त्या म्हणाल्या, "हो दीदी, नको." त्यांच्या मुलीला लेकीची दोन मऊ, धुतलेली सुती झबली दिली आणि फ्रॉक कापून गाडीत टाकला.